संध्याकाळचं माप

“तुमीच बिघडवला हा पाय, सायेब,” स्टुलावर अंग टाकत मैना बोलली. डॉक्टर भडकले, “अन् ही दोरी कोणी बांधली, बाई? अक्कल गहाण ठेवली का?” दोरी नवऱ्याच्या जाळ्याची होती. गावातल्या मागच्या आरोग्य शिबिराला डॉक्टरांची गाडी दिवस बुडताना पोचली. दिवसभर चिखलात धानाची रोवणी करून मैनाचा हत्तीपाय टम्म फुगला होता, तेव्हाच माप घेतलं. सूज दाबणारा मोजा मिळाला, पण सकाळी सूज ओसरताच तो सैल पडून घोट्याशी गोळा व्हायचा. मासे धरणाऱ्या नवऱ्याला एकच इलाज ठाऊक, त्यानं तो दोरीनं गुडघ्याखाली आवळला. दोरी रुतली, पाय चिघळला. “जाऊ द्या, नवा मोजा देतो.” डॉक्टरांनी मापाची फीत काढली. बाहेर पुन्हा अंधारलं होतं. मैनानं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. “आजबी सांजच केली तुमी. आमचा पाय सकाळी मोजायले कधी येता, सांगा पहिले.”