चंपीचा उतारा

तिरोड्याहून आणलेली हळद. मऊ भात. नवऱ्याचा हात. धुरपतेच्या वाट्याला कधीच न आलेलं हे सारं चंपी कुत्रीला मिळे. तिच्या गळ्यावरची गाठ वाढतच होती, आणि वैदूनं हात टेकले होते.

शेवटी धुरपतेच्या नवऱ्यानं, बिसरामनं, स्वतः उताऱ्याचा भात रांधला. "चंपीवरून ओवाळ अन् वावराच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवून ये. दुखणं भातात उतरते."

"माह्यासाठी रांधलं का कधी?"

"तू बिमार पडली का कधी?"

धुरपतेनं भात ओवाळला आणि धुऱ्यावर बसून स्वतःच खाऊन टाकला.

संध्याकाळी बिसराम धुरपतेशेजारी टेकला आणि हळूच तिच्या गळ्यावर आलेली गाठ चाचपू लागला. "माही चंपी," तो पुटपुटला. तिनं सुखानं मान वर केली.

उंबऱ्यात उभी राहून कुत्री त्या दोघांकडे जळफळत बघत होती.

त्या संध्याकाळी चूल धुरपतेनं नाही, बिसरामनं पेटवली होती.