खांद्यांची सुट्टी

"उचल की रं!" मामा ओरडला. वडिलांच्या तिरडीला हात लावूनही इंद्रजितचे खांदे हलेनात. इंजेक्शन न घेता ताकद कमावणाऱ्यांच्या अंगात सरकार जी चकती बसवतं, ती बोलली, "खांद्यांचा व्यायाम या आठवड्यात दोनदा झाला आहे. दुखापत टाळण्यासाठी खांदे गुरुवारपर्यंत बंद."

"तवर दाजींना ठेवायचं कुठं रं?" मामाने विचारलं.

"इंजेक्शनवाल्यांचा हात लागायचा न्हाई. माझा पोरगा एकटा उचलंल मला," असं वडील तालमीत सांगत. अखेर इंजेक्शनवाल्या चौघांनीच त्यांना उचललं, तेही अगदी अदबीने.

मडकं धरून इंद्रजित पुढे चालला. स्मशानात पोचल्यावर चकतीने त्याला शाबासकी दिली. आज पायांचा व्यायाम उत्तम झाला होता.