पंखा बंद

श्रीहरीच्या यशवंतपूरच्या शेडमध्ये काचेला भोक पाडायला पातं लागत नसे. हवेच्या जोरदार झोतातून पिठाहून बारीक, धारदार पावडर मारली की काच आपोआप झिजत जाई. पावडरीत दमट गोळा झाला, की मात्र नळीचं तोंड चोंदे आणि मशीन अडे. एकदा वापरलेली पावडर खरं तर फेकूनच द्यायची. तिची धार गेलेली असते, काचेचा चुरा मिसळलेला असतो. पण श्रीहरीला ती टाकवत नसे. तो ती घरी आणी आणि त्याची बायको वसुमती ती तव्यावर सुकवून मलमलीतून चाळून देई. कण उडून वाया जाऊ नयेत म्हणून खिडक्या लावून, पंखा बंद करून.

आज डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडात धरला. "फुप्फुसात धूळ रुतून बसलीय. ती आता निघायची नाही. कुठल्या कारखान्यात काम करता, अम्मा?"

वसुमती खोकता खोकता हसली. "मी कुठली कारखान्यात? ते हे बघतात. आणि मास्क घेतल्याशिवाय मी यांना उंबरा ओलांडू देत नाही, डॉक्टर."

श्रीहरीनं खिशातला मास्क मुठीत आवळला.

बाहेर येताच वसुमती पायरीवर टेकली. "स्वल्प थांबा हं, दम खाते," ती म्हणाली. "मग घरी गेल्या गेल्या कालची पावडर चाळून देते. माझ्यापायी तुमचं मशीन अडायला नको."