नानांचा अभिप्राय

शाल्मलीची पहिली कादंबरी कुमुदिनीबाईंनी आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग नानांच्या यंत्रापुढे धरली. कादंबऱ्या, चरित्रं, इतिहास, आयुष्यभर वाचलेल्या साऱ्या पुस्तकांवरची मतं नानांनी जाण्याआधी त्यात बोलून ठेवली होती. आता नव्या पुस्तकावरही ते यंत्र त्यांच्याच आवाजात मत देई.

“भाषा बरी. पहिली चाळीस पानं मात्र उगाच.”

शाल्मली हसली. “अगदी नाना!”

“अहो, लेकीचं पुस्तक आहे. जरा गोड बोला की,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“कोणाची लेक?”

पुस्तकांपलीकडचं नानांनी त्यात काही ठेवलंच नव्हतं. शाल्मलीचा चेहरा उतरला. कुमुदिनीबाईंनी यंत्राजवळ पाट ओढला.

“आपली हो! श्रावणात झाली. तुम्ही मांडीवर घेतलंत आणि कितीतरी वेळ नुसता चष्माच पुसत राहिलात.”