मडकंभर राळे

बाळंतपणात दगावलेल्या बायांची पाहणी करत शिवगंगा उदगीरजवळच्या गावात पोचली, तेव्हा लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. गुरम्मानं सुनेचं मरण सांगून संपवलं. “बाळाला दूध कोण पाजतं?” शिवगंगानं पुढचा प्रश्न वाचला. फॉर्मवर पहिलंच उत्तर ‘आई’ छापलेलं. विद्यापीठातल्या सरांची चूक ती घरोघर खोडत आली होती. गावात गाय उरली नव्हती की शेळी. तरी म्हातारीच्या मांडीवरचं लेकरू गुटगुटीत होतं, ओठांवर ताजं दूध होतं. म्हातारी म्हणाली, “बाळंतीण मेली की मसणवाटेवर राळे टाकतेत. ती दाणे येचत बसती, घरला येत न्हाई.” “टाकले ना तुम्ही?” “मडकंभर राळे होते, बाई. लेकराकडं बघितलं अन् न्हाई टाकले.” लेकरानं रिकाम्या दाराकडं मान वळवली, ओठ पुढं केले. या वेळी शिवगंगानं ‘आई’ खोडलं नाही.