चावीवाल्याचं कुलूप

“हाही बाद!” चावीवाला खुर्चीतूनच ओरडला. अर्ध्या तासात त्याने फोटो साठवायचा दुसरा क्लाउड निकालात काढला होता.

बायको टॅब पुसून, चष्मा लावून केव्हाची तयार बसली होती. “अहो, आता याने काय घोडं मारलं?”

“पासवर्ड विसरलो म्हणालो, तर विचारतो, पहिल्या शाळेचं नाव काय? अगं, ते माझ्या अख्ख्या वर्गाला माहीत आहे! आणि मघाचा तो तर फोनवर चार आकडे पाठवून सरळ ‘या आत’ म्हणाला. उद्या फोन चोरणाराही तेच करेल की.”

तीस वर्षं तो लोकांची अडकलेली दारं उघडून देत होता. त्यामुळे जगातल्या एकाही कुलपावर त्याचा विश्वास उरला नव्हता. नवं कुलूप हातात आलं की आधी ते फोडून बघायचं, ही त्याची पद्धत. क्लाउडलाही त्याने तोच न्याय लावला होता.

एरवी बायकोने हे कौतुकाने बघितलं असतं. पण आजची गोष्ट वेगळी होती. सकाळी सातला लेकीचा फोन आला होता. मुलगी झाली! तेव्हापासून चावीवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. दूध आणायला म्हणून खाली गेला, तो तासाभराने दूध न घेताच परत आला. जिन्यात भेटेल त्याला थांबवून तो इतकं काही सांगत होता, की दूध राहूनच गेलं. फक्त नातीचं तोंड इथे अजून कुणी पाहिलं नव्हतं. दवाखाना दूरच्या गावात आणि गाडीचं तिकीट परवाचं. त्यात लेकीने अट घातलेली.

“बाबा, माझ्या लग्नाचे सगळे फोटो तुम्ही फोनसकट बादलीत बुडवलेत. या वेळी आधी क्लाउडमध्ये जागा घ्या. फोटो मी तिथेच टाकणार. मग तुमच्या फोनवर बघा, आईच्या टॅबवर बघा, नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर. आणि तुम्ही दोघं बघेपर्यंत मी तो कुणालाही दाखवणार नाही.”

तिसरा क्लाउड मात्र खमक्या निघाला. चावीवाल्याने विसरल्याचं सोंग घेतलं, विनवण्या केल्या, शेवटी रागावूनही पाहिलं. दर वेळी एकच उत्तर आलं. पासवर्ड हरवल्यास आम्हालाही उघडता येणार नाही. पाच वेळा चुकल्यास सर्व काही कायमचे पुसले जाईल.

“याला म्हणतात कुलूप!” चावीवाल्याने बायकोला हात धरून उठवलं आणि गरकन गोल फिरवलं. तिचा चष्मा नाकावरून घसरला. “अहो, सोडा, वय काय आपलं!” असं म्हणत तीही एक फेरी जास्तच फिरली.

पासवर्ड त्याला चुटकीसरशी सुचला. तो त्याने लपवून टाइप केला, बायकोलाही सांगितला नाही. दर वेळी पासवर्ड विचारा, अशी खूणही करून ठेवली.

“कुठेतरी लिहून तरी ठेवा,” ती म्हणाली.

“लिहायचं म्हणजे कुलूप लावून चावी कडीलाच टांगायची. मी तीस वर्षं लोकांना काय सांगत आलो?”

लेकीला फोन करून फोटो टाकायची लिंक पाठवली. ती खळखळून हसली आणि पाचच मिनिटांत टॅब वाजला. एक नवीन फोटो.

दोघांची डोकी टॅबवर आदळली. चावीवाल्याने पासवर्ड टाइप केला. चूक. पुन्हा केला. चूक. शेवट बदलून पाहिला, तरी चूकच. चौथ्या वेळीही चूक. लेकीला फोन लावला, तर तो बंद. बाळंतीण झोपली असणार. आता एकच संधी उरली होती, आणि ती चुकली तर नातीचा पहिला फोटो गेलाच.

“अहो, मला तरी सांगा, होतं काय ते?”

चावीवाल्याने दाराकडे एक नजर टाकली आणि तिच्या कानाशी कुजबुजला. “नातीचं वजन. अक्षरांत, ग्रॅमपर्यंत. कालपर्यंत जगात कुणाला ठाऊक होतं ते? दोन किलो नऊशे... पुढचं डोक्यातून गेलं बघ. लेकीने सकाळी सांगितलं तेव्हा तू शेजारीच होतीस ना?”

“मी रडत होते. मला ‘मुलगी’ एवढंच ऐकू आलं.”

बायको उठली, दार सताड उघडलं आणि जिन्यात ओरडली, “काय हो, आमच्या नातीचं वजन किती?”

“दोन किलो नऊशे दहा!” वरच्या मजल्यावरून दातांचे डॉक्टर.

“नऊशे दहा!” खालून शिवणयंत्र थांबवून शिंपीणबाई.

“मला दोनदा सांगितलंय,” पायऱ्या चढता चढता पोस्टमन म्हणाला, “दोन किलो नऊशे दहा.”

चावीवाल्याचा चेहरा पडला. बायकोने हसू दाबत एकेक अक्षर टाइप केलं आणि फोटो उघडला. डोळे मिटलेले, तोंडाचा भला मोठा आ, आणि चिमुकली मूठ अशी आवळलेली, की चावीवाल्यालाही उघडली नसती. त्याला एकदम रडू फुटलं आणि हसूही आवरेना.

“आधी तो पासवर्ड बदला,” डोळे पुसत बायको म्हणाली. “अख्ख्या इमारतीला माहीत आहे तो.”

जिन्यात वरून पावलं खाली येत होती, खालून वर चढत होती. चावीवाला टॅब घेऊन उघड्या दारात जाऊन उभा राहिला.

“कशाला बदलू? ज्यांना माहीत आहे, त्यांनाच तर दाखवायचीय.”