चौदा नंबरची रिक्षा

दिल्लीची गाडी जैसलमेरला लागली, तशी धापूने रिक्षाची किल्ली फिरवली. घुंघट हनुवटीच्या खाली. हॉटेलांच्या पाट्या घेतलेली माणसं प्रवाशांवर तुटून पडली, पण रिक्षावाले धापूकडे बघत जागचे हलले नाहीत. असा तमाशा फुकटात कुठे मिळतो?

रिक्षा सासऱ्याची, पोकररामची. अर्धांगाने त्याचा डावा हात गेला, आणि क्लच असतो डाव्याच हाताला. मुलगा दुबईला गेला तो तिकडचाच झाला. दोन दिवस रांगेतला चौदावा नंबर चुकला होता; आजही चुकला तर स्टँडवरची जागा जाणार होती. म्हणून सून आली होती, कोरं करकरीत लायसन घेऊन. सासरा भिंतीला टेकून बघत होता.

स्टँडचा म्होरक्या सगताराम आडवा आला.

"पोकरजी, चालवू दे की तिला, कोण अडवतंय? पण इथे सगळे तिचे सासरे नाहीतर थोरले दीर. तोंड झाकूनच चालवायची."

"मग रस्त्यातली गाय दिसायची कशी?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

पक्के बेरकी! नाहीही म्हणाले नाहीत आणि वाटही ठेवली नाही.

एक जोडपं बॅगा ओढत आलं. "किल्ल्याला येणार का?"

धापूने घुंघट वर केला. पार भांगापर्यंत. अकरा वर्षं एका घरात राहून सासऱ्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं, की आवाज ऐकला नव्हता.

"येणार. बसा," ती चांगली मोठ्याने म्हणाली.

खिदळणं बंद पडलं.

"बघा पोकरजी!" सगताराम ओरडला. "भर बाजारात घराण्याची लाज काढली! उतरवा तिला खाली."

पोकरराम पाय ओढत रिक्षापाशी आला. धापूने हँडलवरचे हात काढले नाहीत. काढणारही नव्हती. म्हाताऱ्याने स्टँडवरच्या एकेकाकडे पाहून घेतलं. मग उजव्या हाताने फेट्याचा शेमला सोडला आणि स्वतःच्या तोंडावरून खाली ओढला.

"घरात एकानं पडदा घ्यायला पाहिजे ना? आजपासून मी घेतो," तो आतून म्हणाला. "काढ गं पोरी रिक्षा!"